झाकलेल्या नावाचा अर्ज

प्रिय चिऊ,

सकाळी आपण समोरासमोर बसून चहा घेतला, संध्याकाळी पुन्हा घेऊ, आणि मधल्या वेळात तुझा बाप तुला पत्र लिहितो आहे, ह्याचं तुला हसू येईल. मला येत नाही. कालपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल घरी येताना आपल्या गल्लीचं वळण सोडून मी सरळ पुढे गेलो, पार पाण्याच्या टाकीपर्यंत. तिथे एका माणसाने विचारलं, "काका, कुणाचं घर शोधताय?" तेव्हा भानावर आलो. आज चहात साखर दोनदा पडली आणि तू एक अक्षर न बोलता तो पिऊन टाकलास. आता दुपारचे तीन वाजलेत. कार्यालयाच्या मागच्या खोलीत, जुन्या फायलींच्या कपाटाला पाठ टेकून बसलो आहे. तोंडाने सांगायला गेलो तर अर्ध्यात थांबेन, म्हणून लिहितो. खाडाखोड झाली तर समजून घे.

माझं काम तुला माहीत आहे, पण मी ते कधी नीट सांगितलेलं नाही. वसतिगृहात नव्याने येणाऱ्या मुलांचं काही नसतं, त्यांची यादी वरूनच येते. डोकेदुखी असते ती जुन्या मुलांची. दोन वर्षं राहिली की त्यांना वाटतं खोली आपलीच झाली. मग दर वर्षी नव्याने अर्ज करायचा असतो हे ऐकून त्यांचे चेहरे असे होतात, जसं काही आम्ही त्यांना घराबाहेर काढतोय. परीक्षेआधी संगणकावर अर्ज उघडतो, दहा दिवस उघडा राहतो आणि बंद होतो. जुनी खोली नीट परत केल्याचा दाखला, पसंतीच्या तीन खोल्या, जिच्याबरोबर राहायचं त्या मैत्रिणीचं नाव. त्या मैत्रिणीनेही आपल्या अर्जात हिचं नाव लिहायला लागतं. एकीने लिहिलं आणि दुसरीने नाही, की आमच्या खिडकीपाशी रडारड. शेवटी पालकाची सही. आणि ज्यांचं घर ह्याच शहरात आहे अशा, कॉलेजात आधीपासून शिकणाऱ्या मुलींना सगळ्यांच्या शेवटी बारा जागा. त्यांच्या अर्जात एक रकाना जास्तीचा असतो: घर जवळ असताना वसतिगृह कशासाठी? दोनशे शब्दांत. त्या दोनशे शब्दांवर त्यांचं सगळं ठरतं.

नाव झाकायची पद्धत माझी. मी घरी जेवताना हे कितीदा सांगितलं असेल, तुम्ही दोघी कंटाळून एकमेकींकडे बघता तेही मला दिसतं. आमच्या गावच्या शाळेत चार इयत्ता एका खोलीत बसायच्या आणि गुरुजी वह्या तपासताना नावावर पाटीचा तुकडा ठेवायचे. म्हणायचे, नाव दिसलं की माझा हात वाकडा होतो. ते माझ्या मनात राहिलं. इथे आलो तेव्हा ओळखीपाळखीच्या मुलींना खोल्या मिळायच्या. मी वसतिगृहप्रमुखांच्या मागे लागलो आणि अकरा वर्षांपूर्वी हे सुरू केलं. आमच्या कार्यालयातल्या बाई, ज्यांना सगळे शिक्केबाई म्हणतात, त्या अर्ज छापून घेतात, कागदपत्रं तपासतात, नाव, पत्ता आणि सहीवर कागदाची पट्टी चिकटवतात आणि वर आकड्याचा शिक्का मारतात. मी ते आधी बघत नाही. समितीपुढे मी फक्त वाचतो. खणखणीत वाचतो, त्याचा मला थोडा अभिमानही होता.

काल दुपारी ती बैठक होती. वसतिगृहप्रमुख, मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षक बाई आणि एक प्राध्यापक. प्राध्यापकांना आम्ही माघारी 'पुरे सर' म्हणतो, कारण कुठलाही अर्ज अर्धा वाचून झाला की ते 'पुरे' म्हणतात. मी एक एक वाचत होतो. कुणाच्या घरी धाकटी भावंडं दंगा करतात, कुणाची बस वेळेवर येत नाही. मग एकतिसावा अर्ज आला. तो मी दोनदा वाचला, त्यामुळे मला तो पाठ झालाय. तुला पाठ असेलच, तरी माझ्या हाताने लिहू दे.

"माझं घर इथून चालत पंचवीस मिनिटांवर आहे. घरी मला स्वतःचं टेबल आहे, चांगला दिवा आहे, कुणी ओरडत नाही. त्रास म्हणावा असा काही नाही. मी अभ्यासाला बसले की वडील समोर येऊन बसतात. बोलत नाहीत. मी उठेपर्यंत उठत नाहीत. मी पान उलटलं की त्यांना बरं वाटतं, हे मला वर न बघता कळतं. म्हणून मी बऱ्याचदा न वाचताच पान उलटते. दोन वर्षं मी अशीच पानं उलटली आहेत. वडील वाईट असते तर हा अर्ज लिहायला सोपा गेला असता. ते फार चांगले आहेत. त्यांनी मला कशालाच नाही म्हटलेलं नाही, कारण मी कधी काही विचारलेलं नाही. मला एक वर्ष असं हवं आहे की मी ह्या क्षणी काय करते आहे हे कुणालाच माहीत नसेल आणि तरी मी ठीक असेन."

पुरे सर म्हणाले, "पुरे. टेबल आहे, दिवा आहे, बाप देवमाणूस. हिला त्रास कसला? पुढचा घ्या." अधीक्षक बाई म्हणाल्या, "थांबा हो जरा. परत वाचा." मी परत वाचलं. आणि मग, चिऊ, अकरा वर्षांत जे कधी केलं नाही ते मी केलं. लेखनिकाने मत द्यायचं नसतं. मी दिलं. मी म्हणालो, "माफ करा, पण ह्या मुलीला खोली दिलीच पाहिजे. हा बाप मुलीला दोरीने नाही, डोळ्यांनी बांधतोय. आणि त्याला ते कळतही नाही. असल्या माणसाला कुणीतरी समोर बसवून चार शब्द सुनवायला हवेत." माझा आवाज चढला होता. प्रमुख माझ्याकडे बघतच राहिले. पुरे सर हसले, "अरे वा, आज भिंत बोलली! द्या बाबा हिला खोली." माझं मत जसंच्या तसं बैठकीच्या वहीत लिहिलं गेलं. फक्त मागे बसलेल्या शिक्केबाईंचा मंजुरीचा शिक्का पडायला वेळ लागला. मी वळून पाहिलं तर त्या शिक्का हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, शाई संपली.

तो बाप माझ्या डोळ्यांसमोर होता, खरंच सांगतो. चांगला आडवा, जाड मिशांचा, पायात करकरणाऱ्या चपला, हातात घड्याळ. वाचताना मला त्याचा रागही आला आणि कीवही. माझ्या मनात एकदाही आलं नाही की मीही तुझ्यासमोर बसतो. आलं असतं तरी मी म्हटलं असतं, मी नुसता बसतो. तो पाळत ठेवतो.

बैठक संपल्यावर यादी करायला मी पट्ट्या काढायला लागलो. एकतिसाव्या अर्जाची पट्टी काढली आणि तुझं नाव दिसलं. पहिल्यांदा वाटलं, ह्या नावाची दुसरी मुलगी असेल. मग पत्ता पाहिला. मग खालची पट्टी काढली. पालकाच्या सहीच्या जागी तुझ्या आईची सही, शेवटच्या अक्षराला ती नेहमी देते तशी शेपटी देऊन. मी खुर्चीत बसलो होतो तरी मला बसायला जागा हवी असं वाटलं. शिक्केबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. मी म्हणालो, "बाई, तुम्हाला माहीत होतं." त्या म्हणाल्या, "भाऊ, नाव झाकायचा नियम तुमचाच. मी काय करणार होते? आणि आधी सांगितलं असतं तर असं वाचलं असतंत का?" मी पेला घेतला. त्याच पुढे म्हणाल्या, "हे बोलला असतात का?"

तू हुशारीने लिहिलंस. माझ्या पोथीचा उल्लेख गाळलास, मी ती मांडीवर घेऊन तुझ्यासमोर बसतो तरी. वर्ग सुटल्यावर मी फाटकाशी उभा असतो तेही गाळलंस. बापच वाचणार आहे हे तुला माहीत होतं. तो ओळखणार नाही ह्याची तुला खात्री कशी होती, ह्याचाच मी कालपासून विचार करतोय. मी ओळखलं असतं तर तुला काय वाटलं असतं? आणि नाही ओळखलं, हे कळल्यावर आता काय वाटेल?

ह्यात एक गोष्ट तुला ठाऊक नव्हती. अर्जाच्या पानावर ती नसते, आमच्या आतल्या नियमांत असते. कार्यालयातल्या कुणाचं जवळचं माणूस अर्ज करत असेल तर त्याने बैठकीआधी तसं लेखी द्यायचं. न दिलं तर तो अर्ज बाद. मी दिलेलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. मी तसाच उठून प्रमुखांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "चूक तुमची नाही. उद्या बारापर्यंत लेखी द्या, मी समितीपुढे पुन्हा ठेवतो. नाही दिलंत तर अर्ज आपोआप पडेल, जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. तुमच्या घरातली गोष्ट आहे, मी विचारायला येणार नाही." म्हणजे मी काहीच केलं नाही तरी तू घरीच राहणार होतीस. 'नियमात बसलं नाही' एवढा एक निरोप संगणकावर आला असता. माझं नाव कुठेच आलं नसतं. पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेलो तो हाच विचार करत. तुझ्यापासून लपवून काय उपयोग? मला तो विचार गोड लागला होता.

घरी आलो तेव्हा तू टेबलाशी बसली होतीस. मी पोथी घेतली, खुर्चीपर्यंत गेलो, आणि मला बसता येईना. तू वर पाहिलंस, "बाबा, बरं नाही का?" म्हणालीस. मी काहीतरी पुटपुटलो आणि स्वयंपाकघरात गेलो. तुझी आई भाजी चिरत होती. मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत?" ती न थांबता म्हणाली, "सही केली तेव्हापासून." मी म्हणालो, "मला का नाही सांगितलं? मी नाही म्हटलं असतं का?" तेव्हा तिने सुरी खाली ठेवली. "नाही म्हणाला असतात तर बरं झालं असतं हो. भांडता तरी आलं असतं. तुम्ही नुसते गप्प बसला असतात. आठ आठ दिवस. तुमच्या गप्प बसण्याला ह्या घरात कुणाचा इलाज आहे?" मी तिथल्या डब्यावर बसलो. माझी बायको तेवीस वर्षांत मला कधी असं तोडून बोललेली नाही. तिलाही बोलल्यावर धक्का बसला असावा, कारण तिने चिरलेलीच भाजी पुन्हा चिरायला घेतली.

तिथे बसून मी ऐकत होतो. तुझ्या खोलीचं दार उघडंच होतं. पान उलटल्याचा आवाज येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला वाटलं तू झोपलीस किंवा खिडकीतून बाहेर बघत बसलीस. उठून बघावं असं पाय म्हणत होते. तुझ्या आईने नुसती मान हलवली. वीस मिनिटांनी एक पान उलटलं. मग कळलं, चिऊ, तू वाचत होतीस. माझ्यासमोर तू दर दोन मिनिटांनी पान उलटायचीस आणि मी मनात म्हणायचो, पोरगी कशी झरझर वाचते!

हे बसणं कधी सुरू झालं ते तुला आठवत नसेल. तू सहा वर्षांची होतीस. बाजारात तुझा हात सुटला आणि तू चाळीस मिनिटं सापडली नाहीस. मी त्या चाळीस मिनिटांत देवाला काय काय कबूल केलं ते त्याला आणि मलाच माहीत. सापडलीस ती एका शिंप्याच्या दुकानात. त्याने तुला फळीवर बसवून बटणांचा डबा दिला होता आणि तू रंगाप्रमाणे बटणं लावत होतीस. मला बघून तू भोकाड पसरलंस. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो की बाप दिसल्यावर पोरीला रडू फुटलं. खरं वेगळंच आहे. शिंपी हसून म्हणाला होता, "हिरवी राहिलीत म्हणून रडतेय." तू रडत होतीस कारण मी तुला अर्ध्यातून उचललं. हे मला तेव्हाही कळलं होतं. पण त्या दिवसापासून मी तुझ्यावरून नजर काढलेली नाही, आणि त्याला मी माया म्हणत आलो. मायाच होती. पण भीती किती होती ते मी कधी तपासलं नाही.

आज पहाटे नेहमीसारखा डोळे मिटून बसलो. देवाचं नाव घेता येईना. मी मागत काय होतो म्हणशील, तर दुपारचे बारा लवकर वाजावेत. देवापुढे बसून असलं मागणारा मी! माझी मलाच शरम वाटली आणि डोळे उघडले. मग मनात आलं, मी पन्नाशीला आलो, रोज त्याला म्हणतो, समोर ये, एकदा समोर बस. तो कधी बसला नाही. तो सतत समोर असता तर मी एक तरी गोष्ट मनापासून केली असती का, की त्याला बरं वाटावं म्हणून नुसती पानं उलटली असती? त्याने मला मोकळं सोडलं, म्हणूनच कदाचित मी त्याचं नाव आपणहून घेतो. हे बरोबर आहे का मला सांगता येणार नाही, मी काही शिकलेला माणूस नाही. पण त्यानंतर उठलो आणि चहा टाकला. त्यातच साखर दोनदा पडली.

कार्यालयात येऊन मी लेखी द्यायला बसलो. तीन कागद फाडले. शेवटी लिहिलं: अर्जदार माझी मुलगी आहे, अर्ज वाचताना मला हे माहीत नव्हतं, तिला खोली मिळायला माझी हरकत नाही. प्रमुखांनी वाचलं आणि विचारलं, "हरकत नाही, एवढंच?" मी कागद परत घेतला, ती ओळ खोडली आणि 'तिला खोली मिळावी' असं लिहिलं. साडेअकरा वाजले होते. समिती बसली. मला बाहेर थांबायचं होतं. थोड्या वेळाने पुरे सर दारातून डोकावले. नेहमी थट्टा करणारा माणूस, पण त्यांना माझ्याकडे बघता येईना. म्हणाले, "काल तुम्ही त्या वडिलांबद्दल जे बोललात ते वहीत लिहिलं गेलंय. आता ते... काढून टाकू या ना?" मी म्हणालो, "राहू द्या सर. बोललो ते बरोबर होतं. माणूसही बरोबर होता." ते आत गेले. मग मला शिक्केबाईंच्या शिक्क्याचा आवाज आला. ह्या वेळी लगेच पडला. तुला खोली मिळाली आहे, चिऊ. दुसऱ्या मजल्यावरची, शेवटची, तू जिचं नाव दिलं होतंस त्या मैत्रिणीबरोबर. यादी सोमवारी लागेल.

मग ती लागेपर्यंत थांबायचं सोडून हे पत्र का, ते सांगतो. तुझ्या आईने काल आणखी एक गोष्ट सांगितली. ह्या रविवारी, मी आंघोळ करून बाहेर आलो की तू मला सांगणार आहेस की विभागाने शेवटच्या वर्षाला वसतिगृहात राहायची सक्ती केली आहे, तुझी मुळीच इच्छा नाही, पण इलाज नाही. तू ते आरशासमोर म्हणून पाहिलंस, मध्ये कुठे डोळ्यांत पाणी आणायचं तेही ठरवलंस, असं ती म्हणाली. सगळ्या धक्क्यांमध्ये हा मला सर्वांत जास्त लागला. माझं मन सांभाळायला माझ्या पोरीला रडण्याची तालीम करावी लागते. बावीस वर्षं त्या खिडकीत बसलेल्या माणसाला अशी सक्ती कुठेच नसते हे माहीत आहे. तरी मी मान डोलावली असती, आणि मग तू तिकडे आणि मी इकडे वर्षभर ते खोटं जपत बसलो असतो. ते होऊ नये म्हणून उद्या प्रॅक्टिकलला येशील तेव्हा तुझ्या हातात पडेल असं हे पाकीट विभागातल्या बाईंकडे ठेवतो आहे. रविवारी मला काही समजावू नकोस. फक्त म्हण, "बाबा, माळ्यावरची मोठी बॅग काढून द्या." मी स्टूल घेईन, बॅग काढीन, फडक्याने पुसून तुझ्या खोलीत ठेवीन, आणि तू ती भरेपर्यंत बाहेर चालून येईन.

तुझाच, आणि अजून शिकत असलेला,
बाबा